यादीच्या पानावर लांबलचक शीर्षकं छोटी कशी करायची?

नाशिकच्या भटकंतीवरच्या लेखांची शीर्षकं यादीत चार-चार ओळी खातात, आणि पीएचपी या वेबसाइटच्या भाषेतल्या ‘सबस्ट्र’ या मजकूर कापणाऱ्या फंक्शनने ५० वर कापली की शेवटी चौकोन उमटतो, हा तुमचा प्रश्न. ते फंक्शन अक्षरं नाही, बाइट (साठवणुकीची एककं) मोजतं. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, त्यामुळे चिन्ह मधेच चिरलं जातं. बाइटऐवजी चिन्हं मोजणाऱ्या ‘एमबी सबस्ट्र’ने चौकोन जाईल, पण जोडाक्षर तरीही तुटू शकतं. ‘त्र्यंबकेश्वर’ म्हणजे १३ चिन्हं. अकराव्यावर कापलंत तर ‘त्र्यंबकेश्’ उरतं. आपल्या गावाचं नाव असं लोंबकळताना मला बघवत नाही.

म्हणून माझं ऐका, कापूच नका. सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतलं ‘वेबकिट लाइन क्लॅम्प’ २ वर ठेवा, म्हणजे दोनच ओळी दिसतील; सोबत ‘डिस्प्ले वेबकिट बॉक्स’, ‘वेबकिट बॉक्स ओरिएंट व्हर्टिकल’ आणि ‘ओव्हरफ्लो हिडन’. पूर्ण शीर्षक एचटीएमएलमध्ये शाबूत राहतं, पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही ते नीट वाचतो. फक्त लाइन-हाइट (ओळीची उंची) १.५ च्या आसपास ठेवा, नाहीतर खालच्या ओळीचे उकार छाटले जातात.

वर्डप्रेसमध्ये कापायचंच असेल तर ‘डब्ल्यूपी ट्रिम वर्ड्स’ला ६ शब्द सांगा, तेही फक्त यादीच्या टेम्प्लेटमध्ये.