दिवाळीनंतर यादीतली नावे गळतात

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका गावात आशा स्वयंसेविका आहे. गरोदर बाया नावनोंदणीला येतात, पहिली तपासणीही करून घेतात. दिवाळीनंतर मात्र निम्म्या जणी फिरकत नाहीत. बैठकीत मलाच ऐकावे लागते, की तुम्ही त्यांना नीट समजावत नाही. माझे कुठे चुकते?

उत्तर : ताई, ‘दिवाळीनंतर’ या तुमच्याच शब्दात बरेचसे उत्तर आहे. सरकारी वेळापत्रकानुसार किमान चार तपासण्या व्हायच्या असतात : बारा आठवड्यांच्या आत, मग १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर. जिची शेवटची पाळी ऑगस्टच्या सुरुवातीला आली, तिची पहिली तपासणी गावात होते. दुसरी आणि तिसरी नेमकी नोव्हेंबर ते मार्च या काळात येतात, आणि तेव्हा ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीसाठी उसाच्या फडात असते. रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि हिमोग्लोबिन पाहणे ज्या महिन्यांत सर्वांत निकडीचे असते, तेच महिने निसटतात.

तिथे दवाखाना जवळ असला तरी जाणे सोपे नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी, धरला जातो, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) दोघांच्या नावावर असते आणि ती दिवसभर गेली तर खाडा पडून पैसे कापले जातात. तपासणी फुकट असली, तरी तो दिवस फुकट नसतो. हे ठाऊक असूनही तिला अडाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगायचे नाही ही रीत, सासूचा नकार, तिसऱ्या गरोदरपणात केंद्रात ऐकावे लागणारे टोमणे, ही कारणेही आहेतच. पण समजावून सांगण्याचा उपयोग होतो तो फार तर पहिल्या दोन ठिकाणी. टोमण्यांबाबत समजावायचे ते कर्मचाऱ्यांना.

तुमच्या हातात आहे ते असे. गाडी निघण्यापूर्वी प्रत्येकीच्या माता-बाल संरक्षण कार्डाच्या सर्व पानांचे फोटो तिच्या किंवा नवऱ्याच्या मोबाइलवर काढून द्या, कारण कार्ड बहुधा घरच्या पेटीतच राहते. लोहाच्या गोळ्या पुढच्या महिन्यांपुरत्या सोबत देता येतील का, हे आरोग्यसेविकेला विचारा. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून कारखान्याचे आणि टोळीच्या मुक्कामाचे गाव लिहून घेऊन तिथल्या आशाताईंना कळवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. ही तारीख नवऱ्यालाही सांगा, कारण खाड्याचा हिशेब तोच करतो. पुढच्या बैठकीला ही स्थलांतराची यादी घेऊन जा.