दर नाताळात सेवा करता करता मी आतून रिती होते. माझा विश्वास कमी पडतोय का?

तुमचा प्रश्न दोन दिवस मनात घोळतोय. नऊ वर्षं तुम्ही मंडळीत रविवारची शाळा, गायनवृंद आणि आजाऱ्यांच्या भेटी असं सगळं सांभाळताय. नोव्हेंबर संपत आला की छातीवर दडपण येतं. २४ च्या रात्री सगळे गात असतात आणि तुम्ही मनातल्या मनात खुर्च्या मोजत असता. २५ तारखेला लोक शुभेच्छा देतात, तुम्ही हसता, आणि आत काहीच हलत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, 'या सगळ्यात सेवेचा हेतू कुठे उरला? सोडून देऊ का?'

मी बावीस वर्षं हेच काम करतेय आणि त्यातली बरीच वर्षं हा थकवा नुसता अंगावर काढला. म्हणून लिहायला बसले.

विश्वास कमी पडतोय, असं मला वाटत नाही. बायबलमधलं १ राजे १९ पुन्हा वाचा. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका धमकीने रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. यावर देव त्याला काय सांगतो? काहीच नाही. त्याला झोपू देतो. मग देवदूत येऊन हात लावतो, ऊठ म्हणतो, खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खाऊ घालतो. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न देव विचारतो तो पुढे, चाळीस दिवसांचा प्रवास करून एलीया होरेब डोंगरावर पोचल्यावर. आधी झोप आणि अन्न, मग हेतूची चर्चा. आपण मात्र चार तासांची झोप घेऊन, उपाशीपोटी, सभागृहाच्या किल्ल्या हातात धरून स्वतःला विचारतो की माझ्या सेवेचा हेतू काय. त्या वेळी त्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतच नाही.

हा थकवा कामचुकारांच्या वाट्याला येत नाही, हेही लक्षात घ्या. 'बर्नआउट' हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मांडला. तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात, दिवसभराचं स्वतःचं काम आटोपून, स्वयंसेवक म्हणून जात असे. ज्यांनी जीव ओतून काम केलं तेच कोळपून जाताना त्याने पाहिले, आणि त्यांत तो स्वतःही होता. नंतर क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन लक्षणं सांगितली. माणूस आतून संपून जातो, समोरची माणसं त्याला माणसं वाटेनाशी होतात, आणि आपण करतो त्याचा काही उपयोग नाही असं त्याला वाटू लागतं.

यातलं दुसरं लक्षण मला लागलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं. भेटींची यादी माझ्या हातात असायची. अकरा घरं, दोन तास. एका अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या घरी आम्ही दोन कडवी म्हटली, प्रार्थना केली आणि निघालो. दारात माझ्या तोंडून गेलं, 'चला, सात झाली, चार उरकायची आहेत.' आजींनी ते ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत. 'उरकायची' हा माझाच शब्द मला रात्री झोपताना ऐकू आला. आपल्या भाषेत करणं वेगळं आणि उरकणं वेगळं. सेवेचा हेतू हरवतो तो याच दोन शब्दांच्या मधे कुठेतरी, असं मला आता वाटतं. माणूस समोरच असतो, पण आपण त्याच्यासाठी गेलेलो नसतो, यादीसाठी गेलेलो असतो.

इथे मार्थेबद्दल, येशू घरी आल्यावर बहीण त्याच्या पायाशी ऐकत बसली असताना एकटी राबणाऱ्या बाईबद्दल, थोडं बोलायलाच हवं, कारण तुम्हालाही कुणीतरी तिचं नाव घेऊन गप्प केलं असेल. राबणाऱ्या बाईला 'मार्था होऊ नकोस' असं सांगणं मला मुळीच पटत नाही, विशेषतः जे स्वतः एक खुर्ची उचलत नाहीत त्यांनी. लूक १० मध्ये येशू तिच्या कामाला दोष देत नाही. तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस, असं म्हणतो. दोष आहे तो दगदगीला. आणि पुढे योहान १२ मध्ये पाहा, तिचा भाऊ लाजर मेलेल्यांतून उठल्यावर येशू पुन्हा त्यांच्याकडे जेवायला येतो, तेव्हा तिच्याबद्दल एवढंच लिहिलंय की मार्था वाढत होती. तीच बाई, तेच काम, पण तक्रार नाही आणि बहिणीकडे रागाने पाहणंही नाही. मधल्या अध्यायात, योहान ११ मध्ये, तिचा भाऊ मेला होता, तिने येशूला चार शब्द सुनावले होते आणि 'तू ख्रिस्त आहेस' असं कबूलही केलं होतं. काम तेच राहिलं, बदलली ती मार्था. मला यातून फार धीर येतो.

माझ्या बाबतीत काय बदललं ते सांगते. सात वर्षांपूर्वी नाताळच्या बारा दिवस आधी मी जिन्यावरून पडले. घोट्याजवळचं हाड मोडलं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. गायनवृंद दुसऱ्यांकडे गेला, भेटी दुसऱ्यांकडे गेल्या. २४ च्या रात्री मला एका बाजूला खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर. इतक्या वर्षांतली ती पहिली रात्र, जेव्हा माझ्या हातात कागद नव्हता. आणि मला नुसतं बसता येईना. कोण कुठे चुकतंय तेच मी बघत होते.

प्लास्टरमधून माझी बोटं उघडी होती आणि त्या दिवशी चांगलंच गार होतं. आमच्यातली एक बाई, जिच्याशी सरावाच्या वेळांवरून माझं महिनाभर बोलणं बंद होतं, ती गर्दीतून आली, गुडघ्यावर बसली आणि पर्समधून एक जाड मोजा काढून माझ्या बोटांवर चढवू लागली. मी घाईघाईने म्हणाले, 'राहू द्या, राहू द्या, मी घालते.' ती वर न बघताच म्हणाली, 'हात पोचत नाहीये तुमचा. बसा शांत.' खरंच पोचत नव्हता.

त्या क्षणी मला येशूचा शिष्य पेत्र आठवला. योहान १३. येशू पाय धुवायला येतो तेव्हा पेत्र म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. वर्षानुवर्षं मी याला पेत्राची नम्रता समजत आले होते. त्या रात्री कळलं की ही नम्रता नव्हे. मी देणारी आहे, घेणारी नाही, हा तो हट्ट. आणि येशूचं उत्तर किती कडक आहे, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. सेवा करून न घेणाऱ्याला सेवेत वाटा नाही, असंच ते मला ऐकू आलं.

मग समोरच्या गव्हाणीकडे पाहिलं. मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आला, हे मार्क १० मधलं वचन आम्ही स्वयंसेवकांच्या प्रत्येक बैठकीत वाचतो. पण तो आला कसा? बाळंत्यात गुंडाळलेला. मान धरता येत नव्हती, भूक लागली तर रडण्याखेरीज काही करता येत नव्हतं. मरीयेने पाजलं तर जगणार, योसेफाने रातोरात उचलून मिसरात नेलं तर वाचणार. ज्याने पुढे शिष्यांचे पाय धुतले, त्याचे पाय आधी कितीतरी वेळा कुणीतरी धुतले होते. देवाने माणसांची सेवा करण्याआधी माणसांकडून सेवा करून घेतली. नाताळात आपण साजरं करतो ते हेच. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आपण असं वागतो की आपल्याला कुणाचीच गरज नाही, आणि आपण थांबलो तर ख्रिस्तजन्म व्हायचाच थांबेल.

म्हणून हेतू शोधायला आणखी एक काम अंगावर घेऊ नका. आधी कुणाला तरी तुमचं काहीतरी करू द्या. हे बोलायला सोपं आहे, करायला मला सगळ्यांत जड गेलं. 'दमलेय, आज मला घरी सोडाल का?' एवढं म्हणायला मला वर्षं लागली.

कामांचं म्हणाल, तर वाटून द्या, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे वाद ऐकत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो ते पाहतो आणि तोंडावर सांगतो की तू करतोस ते बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. मग हजार, शंभर, पन्नास, दहा लोकांवर नायक नेमले जातात. प्रेषितांची कृत्ये ६ मध्येही तेच. विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तेव्हा प्रेषितांना 'अजून जोर लावा' असं कुणी सांगितलं नाही. सात नवी माणसं निवडली. नवीन माणूस तुमच्यापेक्षा वाईट करेल, हे धरून चाला. एका वर्षी आमच्याकडे नाटुकल्यातले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, मेंढपाळांच्या आधीच रंगमंचावर आले. कुणाच्या विश्वासाला तडा गेला नाही.

त्या सातांमधला पहिला स्तेफन. पाश्चात्त्य परंपरेच्या मंडळ्यांमध्ये त्याचा दिवस २६ डिसेंबर आहे. नाताळच्या लगेच दुसऱ्या दिवशी वाटप पाहणाऱ्या माणसाची आठवण! मला हे कळलं तेव्हा मी दिनदर्शिका पुन्हा नीट पाहिली. नाताळ एक दिवसाचा नाहीच, तो बारा दिवसांचा आहे, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत. २८ तारखेला तर हेरोद राजाने मारलेल्या बाळांची आठवण असते, म्हणजे दुःखालाही त्या सणात जागा ठेवलेली आहे. मग सगळी सेवा २५ च्या आधी कोंबायची कशाला? वृद्धाश्रमात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकामागून एक गट गाऊन जातात, आणि जानेवारीत दारावर कुणी येत नाही. मी आता अकरापैकी आठ भेटी जानेवारीत नेल्यात. गायनवृंद नाही, यादी नाही. एका दिवशी एक घर. बसायचं, ऐकायचं. त्या आजी तोवर गेल्या होत्या, ते मला आजही लागतं.

'काही वाटत नाही' याची भीतीही थोडी कमी करा. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाची जाणीवच होत नव्हती. त्या काळातही त्या रोज उठून माणसांना उचलत राहिल्या. त्यांच्याशी मी आपली तुलना करत नाहीये. पण भावना कोरडी पडली म्हणून सेवा खोटी ठरत नाही, हे मला तिथे दिसलं.

मात्र एक गोष्ट वेगळी ठेवते. सण सरल्यावरही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, किंवा एलीयासारखं 'आता जगणं पुरे' असं वाटत असेल, तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा. थांबू नका, महिना संपायची वाट पाहू नका. एलीयाला भाकर दिली तीही देवानेच, आणि डॉक्टरांचं औषध मी त्याहून वेगळं मानत नाही.

राहिला 'सोडू का?' हा प्रश्न. सोडणं हे पाप नाही. पण ते डिसेंबरात ठरवू नका. या वर्षी तुमच्या कामांपैकी कुठल्या एका कामात समोरच्याचा चेहरा तुम्हाला अजून दिसतो ते पाहा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, रविवारच्या शाळेतली मुलं असावीत, कारण तुमच्या प्रश्नात तेवढ्यांबद्दलच तुम्ही एक वाक्य जास्त लिहिलंय. ते ठेवा. बाकीच्या दोन कामांसाठी या रविवारीच माणसं मागा. २४ च्या रात्री खुर्च्या दुसऱ्या कुणाला मोजू द्या आणि मधल्या रांगेत बसा. ६ जानेवारी उलटू द्या, आठवडाभर झोपा, मग ठरवा. आणि काय ठरलं ते इथेच कळवा. सोडलंत, तरी कळवा.