पोर्टफोलिओ वेबसाइट मोबाइल, टॅब, लॅपटॉप सगळीकडे नीट दिसण्यासाठी लेआउट कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकमध्ये लग्नाचे फोटो काढता, वेबसाइट स्वतःच बनवताय. लॅपटॉपवर ती झकास दिसते, पण मोबाइलवर फोटो चिंचोळे होतात आणि मजकूर कडेबाहेर जातो. मग तीन वेगळी डिझाइनं करायची का, आणि स्टुडिओतल्या टीव्हीचं काय?

तीन करू नका. एकच करा, पण सुरुवात मोबाइलपासून करा. मी नाशिकमध्येच वेबसाइट बनवण्याचं काम करतो. इथे लग्नाची ऑर्डर कशी येते हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असणार. कुणाचा तरी मामा तुमची लिंक फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि सगळे ती जागच्या जागी फोनवर उघडतात. लॅपटॉपवर निवांत बघणारा एखादाच.

आधी पानाच्या कोडमधल्या हेड या भागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंद धरायचं हे ब्राउझरला सांगणारी ओळ) आहे का ते बघा. त्यात विड्थला डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केलला १ हवं. तो नसेल तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आख्खं आक्रसून दाखवतो. फोनसाठी लिहिलेल्या मीडिया क्वेरी, म्हणजे ‘स्क्रीन इतकी रुंद असेल तर असं दाखव’ अशा अटी, मग लागूच होत नाहीत. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

आता ब्रेकपॉइंट, म्हणजे ज्या रुंदीला मांडणी बदलते ती जागा. ३६०, ७६८, १०२४ पिक्सेल असे स्क्रीनच्या रुंदीचे आकडे पाठ करून त्यांच्यासाठी डिझाइन करायची सवय अजून बऱ्याच जणांना आहे. मला ती पटत नाही. फोनच्या रुंद्या दरवर्षी बदलतात. वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी २०१० साली ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ मांडलं तेव्हा तीन गोष्टी सांगितल्या होत्या: लवचिक ग्रिड, लवचिक चित्रं आणि मीडिया क्वेरी. क्वेरी त्यातली फक्त एक. ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करत जा, जिथे मांडणी विचित्र दिसेल तिथे ब्रेकपॉइंट टाका. दोन-तीन पुरतात.

गॅलरीला बहुतेक वेळा तेवढेही लागत नाहीत. सीएसएस (पानाची मांडणी आणि रूप ठरवणारी भाषा) मधली ग्रिड ही रांगा-कॉलमची सोय २०१७ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये आहे. कॉलमची संख्या ऑटो-फिल ठेवा (मावतील तितके), मिनमॅक्समध्ये किमान रुंदी २८० पिक्सेल आणि कमाल १ एफआर (उरलेल्या जागेचा समान वाटा) द्या, मधली गॅप १६. पानाला दोन्ही बाजूंनी १६ पिक्सेल जागा सोडली, तर ३६० रुंद फोनवर एक कॉलम येतो, ७६८ च्या टॅबवर दोन, १३६६ च्या लॅपटॉपवर चार. एकही मीडिया क्वेरी न लिहिता.

फोटोग्राफर मंडळींना मात्र ‘मेसनरी’ आवडते, उभे-आडवे फोटो विटांसारखे बसवलेले. ती सीएसएसच्या मल्टी-कॉलमने (वर्तमानपत्रासारखे कॉलम पाडून) केली असेल तर क्रम तपासा. तिथे फोटो वरून खाली भरले जातात. तुम्ही हळद, अंतरपाट, सप्तपदी, वरात असे ओळीने लावलेत, तर फोनवर एका कॉलममध्ये गोष्ट बरोबर लागते. लॅपटॉपवर पहिल्याच ओळीत हळदीशेजारी सप्तपदी आणि तिच्याशेजारी वरात. लग्न एका नजरेत आटोपलं! क्रम महत्त्वाचा असेल तिथे साधी ग्रिड वापरा आणि आस्पेक्ट-रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) ठरवून द्या.

चिंचोळ्या फोटोंचं कारण वेगळं आहे. रामकुंडावरचा ३:१ चा पॅनोरामा ३६० च्या स्क्रीनवर जेमतेम १२० पिक्सेल उंच राहतो. घाट दिसतो, माणसं मुंग्या होतात. अशा फोटोचा फोनसाठी वेगळा ४:५ क्रॉप तुम्हीच करा आणि पिक्चर टॅगमधून (स्क्रीनप्रमाणे वेगळा फोटो देणारा टॅग) अरुंद स्क्रीनला तो द्या. ऑब्जेक्ट-फिट कव्हर (चौकट भरेल असा फोटो कापून बसवणं) लावून ब्राउझरवर सोडलंत तर तो मधोमध कापेल, आणि नवरीनवरदेव नेमके डाव्या कडेला असतील.

वजनाचंही बघा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. ३६० पिक्सेलच्या आणि तिप्पट घनतेच्या (त्यातल्या प्रत्येक पिक्सेलच्या रुंदीत स्क्रीनचे खरे तीन ठिपके) फोनला १०८० पुरतात. एकाच फोटोच्या ४८०, ८००, १२०० आणि १९२० अशा प्रती करून त्या एसआरसी-सेटमध्ये (ब्राउझरला निवडायला दिलेल्या फाइलींची यादी) द्या. सोबत ‘साइझेस’, म्हणजे फोटो पानावर किती रुंद दिसणार ते, लिहायलाच हवं. ते गाळलं तर ब्राउझर फोटो स्क्रीनभर रुंद आहे असं समजतो आणि चार कॉलमच्या गॅलरीतही मोठी फाइल ओढतो. लेझी लोडिंग (वाचक जवळ आल्यावरच फोटो उतरवणं) खालच्या फोटोंना लावा, सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला नको.

माउस नेल्यावर जोडप्याचं नाव उमटतं ना? फोनला माउस नाही. नाव फोटोखाली लिहून टाका.

मजकूर कडेबाहेर जातो तो बहुधा ठरावीक फाँट-साइझमुळे. ‘विवाहसोहळ्यांचे’ हा एकच शब्द ७२ पिक्सेलमध्ये ३६० च्या स्क्रीनवर मावत नाही. सीएसएसमधलं क्लॅम्प वापरून किमान ३० आणि कमाल ७२ द्या, मधलं माप स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे. (नुसतं ‘लग्नाचे फोटो’ लिहिलंत तरी चालेल, लोक तेच म्हणतात.) टेम्प्लेटं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात, शीर्षकाची लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या पटीत) १.१ नाहीतर १.२. लॅपटॉपवर शीर्षक एका ओळीत बसतं म्हणून कळत नाही. फोनवर त्याच्या दोन ओळी होतात आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. शीर्षकाला १.४, मजकुराला १.६ ते १.७ ठेवा. आणि लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जादा जागा) शून्य, नाहीतर शिरोरेघ तुटते.

टीव्हीचं. १९२० रुंदीवर वरची ग्रिड सहा कॉलम करेल आणि सोफ्यावरून काही दिसणार नाही. १६०० च्या पुढे किमान २८० ऐवजी ४८० करा, तीन मोठे कॉलम येतील. मजकुराच्या ओळीला मात्र साधारण ७०० पिक्सेलची मर्यादा ठेवा. रिमोटने ब्राउझर चालवायच्या भानगडीत पडू नका, लॅपटॉप एचडीएमआयने जोडा.