वाचकांचे प्रश्न : ठळक, गोलसर अक्षर कुठे खुलतं?

प्रश्न : शेंगा चटणीच्या 200 ग्रॅमच्या पाकिटावर नाव जाड, गोल टोकांच्या अक्षरात हवंय. डिझायनर ‘बालू 2’ म्हणतो, मुलगी ‘पॉपिन्स’. मागचा मजकूरही त्याच फॉन्टमध्ये चालेल का?
– एक चटणी उत्पादक, सोलापूर

उत्तर : दोन्ही मोफत आहेत आणि धंद्यासाठी वापरायला मोकळे, पण जात वेगळी. ‘पॉपिन्स’ भूमितीवर बेतलेला आहे. इंग्रजी ‘ओ’ जणू कंपासने काढलेला, टोकं मात्र सरळ कापलेली. ‘बालू’ची टोकं गुबगुबीत आणि वळणात हाताची ढब. चटणीला ‘बालू’च शोभेल. फक्त सर्वांत जाड, म्हणजे 800 वजन (फॉन्टच्या भाषेत वजन म्हणजे रेघेची जाडी) लगेच घेऊ नका. ‘शें’ बघा: मात्रा आणि अनुस्वार शेजारी-शेजारी, खाली ‘श’ची गाठ. लाल पाकिटावर पांढरं अक्षर सोडलं की चहूबाजूंनी शाई आत सरकते. मात्रेची रेघ बारीक होते, अनुस्वाराचा ठिपका बुजू लागतो. पिवळ्यावर काळं छापलं तर उलट होतं: शाई बाहेर पसरते आणि गाठ भरून जाते. 700 किंवा 600 वजन घ्या, प्रत्यक्ष मापाची प्रत काढा आणि पाच-सहा फुटांवरून वाचून बघा.

अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा; वाढवलंत की शिरोरेषा तुटते. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषाही ‘मराठी’ निवडा. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात, पण ते त्याशिवाय उमटत नाहीत.

मागच्या घटकांच्या यादीला हा फॉन्ट अजिबात नको. बारीक आकारात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ सारखेच दिसू लागतात. तिथे ‘मुक्ता’ हा फॉन्ट, साध्या म्हणजे ‘रेग्युलर’ जाडीत आणि एकाच काळ्या शाईत.

प्रश्न : दुकानाची पाटी मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये करायची आहे. व्हिनाइल कापल्यावर शिरोरेषेवर अक्षरागणिक चिरा पडल्या. मशीन बिघडलं का?
– कापड दुकानदार, सोलापूर

उत्तर : मशीन ठीक आहे. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर ते कळत नाही, पण प्लॉटर, म्हणजे व्हिनाइल कापणारं मशीन, प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्र कापतो. कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये आधी ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’ (कंट्रोल-क्यू) करून अक्षरांचे आकार बनवा, मग सगळी अक्षरं निवडून ‘वेल्ड’ करा, म्हणजे ती एकसंध जुळतील. वायरफ्रेममध्ये (फक्त कडा दाखवणाऱ्या दृश्यात) शिरोरेषा सलग दिसली तरच कापायला सोडा.

तीन लिप्यांसाठी ‘बालू’चं घराणं सोयीचं: तेलुगूला ‘बालू तम्मुडू 2’, कन्नडला ‘बालू तम्मा 2’. मात्र राज्याच्या 2022च्या कायदा दुरुस्तीनुसार मराठी सुरुवातीला हवी आणि तिचा अक्षरआकार इतर भाषांपेक्षा लहान नको. फॉन्टचा आकडा सारखा असला तरी डोळ्याला आकार सारखा दिसेलच असं नाही, म्हणून पट्टीनेच मोजा. वाचण्याच्या दर दहा फुटांना साधारण एक इंच धरा. रस्त्यापलीकडून चाळीस फुटांवरून वाचायचं असेल, तर शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत चार इंच. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांना जवळजवळ तेवढीच जागा आणखी लागते; पाटी बनवताना नेमकी तीच विसरली जाते.

प्रश्न : लग्नपत्रिकेला असा ठळक, गोलसर फॉन्ट चालेल?

उत्तर : बारशाच्या किंवा वाढदिवसाच्या पत्रिकेला खुशाल. लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं त्यात खेळकर दिसतात. घरच्यांना तेच हवं असेल तर नावांपुरता वापरा. मुहूर्त आणि स्थळ साध्या अक्षरात.