कोळशाच्या स्मोकरमध्ये तापमान एकसारखं ठेवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की नवा १८ इंची बुलेट स्मोकर (कोळशाच्या मंद धुरावर मांस शिजवायचं उभं, नळकांड्यासारखं यंत्र) आहे, पेटलेला कोळसा ओतला की अर्ध्या तासात काटा ३२५ वर जातो, घाबरून खालच्या झडपा बंद केल्या की १९० ला येतो, पुन्हा उघडल्या की पुन्हा ३००. दिवसभर हाच खेळ. वाचून हसलो, कारण माझा पहिला रविवार अगदी असाच गेला होता. (आकडे फॅरनहाइटमध्येच देतो, इथे अमेरिकेत झाकणावरचा काटा तोच असतो. २२५ म्हणजे साधारण १०७ सेल्सिअस.)

आठ पौंडांचा पोर्क शोल्डर (डुकराच्या खांद्याचा तुकडा) सकाळी सहाला चढवला होता आणि पाहुण्यांना दीडचं जेवायला बोलावलं होतं. एवढ्या मोठ्या तुकड्याला मंद आचेवर बारा तास सहज लागतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्यात दर वीस मिनिटांनी मी झाकण उचलून आत डोकावत होतो. दोन वाजता मांस आतून १५५ वर अडलेलं, आणि बायकोने गुपचूप पिठलं-भात लावला. पाहुण्यांनी पिठल्याचं फार कौतुक केलं, ते अजून टोचतं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो आजोळच्या बंबामुळे. तुमच्याकडे होता का माहीत नाही. तांब्याचा बंब, मधून नळकांडं, खाली जाळी, भोवती पाणी. सकाळी ढलप्या टाकून आजी तो भडकवायची आणि पाणी तापलं की खालच्या तोंडाशी विटेचा तुकडा सरकवायची. निखारे तेवढेच, पण आच एकदम खाली. शेवटच्या माणसाची आंघोळ होईपर्यंत पाणी कढत. बुलेट स्मोकर हा या बंबाचा चुलतभाऊच आहे. किती कोळसा भरलाय यापेक्षा खालून हवा किती जाते यावर आच ठरते. तुमच्या खालच्या तीन झडपा म्हणजे आजीची वीट.

पण वीट सरकवायची वेळ महत्त्वाची. एकदा सगळा कोळसा पेटला आणि पत्रा तापला, की ३०० वरून २२५ ला आणणं म्हणजे उतारावर सुटलेली बैलगाडी अडवणं. म्हणून आग मुळात लहानच ठेवायची. इथे त्याला मिनियन पद्धत म्हणतात, जिम मिनियन नावाच्या गृहस्थांच्या नावावरून. कोळसा ठेवायच्या कड्यात न पेटवलेले ब्रिकेट (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या) काठोकाठ भरायचे, मध्ये थोडा खळगा करायचा आणि चिमणी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात) पेटवलेले फक्त पंधरा-वीस ब्रिकेट त्या खळग्यात ओतायचे. विस्तव तिथून सावकाश शेजारच्या कोळशाकडे सरकतो आणि आठ-दहा तास पुरतो. तुम्ही जी पूर्ण चिमणी ओतताय ती स्टेक भाजायची रीत आहे. आणखी एक: काडी लावताच पेटणारे, तेल मुरवलेले ब्रिकेट या पद्धतीला अजिबात नकोत. ते एकेक करून नंतर पेटतात आणि मांसाला दिवसभर रॉकेलसारखा वास देत राहतात. लाकडी कोळशाचे ओबडधोबड तुकडेही सुरुवातीला नकोत. एक मुठीएवढा, एक सुपारीएवढा, मग आच एकसारखी कशी राहणार?

आता झडपा. झाकणावरची पूर्ण उघडी, शेवटपर्यंत. ती आवळली की धूर आत कोंडतो आणि मांस कडवट, काजळी चाटल्यासारखं लागतं. खेळायचं ते फक्त खालच्या तिघींशी. सुरुवातीला तिन्ही उघड्या. काटा १९०-२०० ला आला की तिन्ही अर्ध्यावर, २१५ च्या आसपास पाव. म्हणजे चढतानाच धरायचं, वर पोचल्यावर नाही. आणि एकदा झडप हलवली की घड्याळ लावून पंधरा मिनिटं हात खिशात. तुमचं सगळं बिघडतंय ते इथे. बदलाचा परिणाम काट्यावर दिसायला तेवढा वेळ लागतोच. तुम्ही पाच मिनिटांत पुन्हा झडप हलवता, मग आधीचा आणि आत्ताचा असे दोन्ही परिणाम एकदम अंगावर येतात.

झाकण उघडण्याचंही तेच. उघडलं की काटा धाडकन पडतो, आपण घाबरून झडपा उघडतो. खरं तर झाकणातून भरपूर हवा आत गेलेली असते, निखारे फुललेले असतात, आणि वीस मिनिटांनी काटा २८० वर. उघडायचंच असेल तर पटकन काम उरकून लावा आणि झडपांना हात लावू नका.

कोळसा आणि जाळी यांच्या मधल्या भांड्यात पाणी घाला, तेही गरम. पाणी १०० सेल्सिअसच्या वर जात नाही आणि वाफ होताना बरीच धग खाऊन टाकतं, म्हणून नवशिक्याची चूक ते पोटात घालतं. भांडं कोरडं पडलं मात्र की काटा उडी मारतो. तीन-चार तासांनी बघा, आणि पुन्हा भरतानाही गरमच पाणी. हात बसल्यावर मी पाण्याऐवजी रिकामं भांडं फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायला लागलो, पण ते पुढचं.

झाकणावरच्या काट्यावर फार विश्वास ठेवू नका. तो वरची हवा मोजतो, मांस असतं खाली. वायर असलेला प्रोब (तापमान मोजायची सळई) घ्या आणि जाळीवर मांसापासून दोन बोटं लांब अडकवा. वापरण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा, समुद्रसपाटीला २१२ दाखवायला हवा. माझा झाकणावरचा काटा जाळीपेक्षा चांगले तीस अंश वेगळं सांगतो, हे कळेपर्यंत मी निम्मा उन्हाळा भलत्याच आकड्यामागे धावलो.

वाऱ्याचं कुणी बोलत नाही. वारा ज्या बाजूने येतो तिकडची झडप पूर्ण बंद करा, उरलेल्या दोघींवर चालवा, आणि आडोशाला प्लायवूडचा तुकडा उभा करा. पाऊस आला म्हणून मात्र स्मोकर गराजमध्ये नेऊ नका, दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काटा उगाच खाली घसरत असेल तर बहुतेक वेळा राख असते. स्मोकरच्या पायाला बुटाने हलके दोन ठोसे द्या, राख गळते, निखारे श्वास घेतात. त्यानेही भागलं नाही तर एक झडप थोडी उघडा, तिन्ही नाही.

आता ते १५५ वर अडलेलं मांस. तुमच्याकडेही ते होणार, १५० ते १७० च्या मध्ये कुठेतरी, कधी कधी तासन्तास. आग बिघडलेली नसते. माठातलं पाणी जसं पाझरून गार होतं, तसंच मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडतं आणि स्वतःला गार ठेवतं. इथेच घाबरून लोक झडपा उघडतात आणि सगळी बसवलेली आच घालवतात. थांबायचं, किंवा घाई असेल तर मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून परत ठेवायचं. शोल्डर २०० च्या आसपास गेला आणि हाड हलवल्यावर सुटायला लागलं की झालं.

आणि २२५ म्हणजे २२५ च असं काही नाही. २२५ ते २७५ मध्ये कुठेही स्थिर राहिलं तरी मांस छान होतं. पहिल्या चार-पाच वेळा नवा स्मोकर थोडा जास्तच तापतो, कारण सांध्यांतून हवा आत येते. चरबी आणि धुराचा थर बसला की फटी आपोआप बुजतात. तोवर २५० ला स्थिरावला तर तिथेच राहू द्या.

पहिल्यांदा शोल्डरऐवजी कोंबडीच्या तंगड्या लावा. पाहुणे बोलावू नका. काम झालं की वरची-खालच्या सगळ्या झडपा बंद करा, आग गुदमरून विझेल आणि निम्मा कोळसा उरेल. राख झाडून तो पुढच्या वेळी तळाशी घाला, नवा वरून.