मुकुट, मैदान आणि डबा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : राज्य पातळीवरच्या सौंदर्यस्पर्धेसाठी माझी निवड झाली आहे. सामाजिक उपक्रमासाठी मी ‘मुलांची तंदुरुस्ती आणि आहार’ हा विषय घेतला. जिल्हा परिषदेच्या एका शाळेने सहावी-सातवीच्या साठ मुलांसाठी पाऊण तास दिला आहे. स्लाइड्स तयार आहेत. आणखी काय तयारी करू?
— एक स्पर्धक, कोल्हापूर

उत्तर : स्लाइड्स घरीच ठेवा. बारा वर्षांच्या मुलाला व्यायामाचे फायदे ऐकवण्यात पाऊण तास गेला, तर तो पाऊण तास त्याने बसूनच काढला असं होतं.

विषयही थोडा आवळा. मिस वर्ल्डमध्ये १९७२ पासून ‘ब्यूटी विथ अ पर्पज’ हा उपक्रम आहे. त्यात लक्षात राहिलेले प्रकल्प पाहिले तर ते नेमके होते. २०१७ च्या विजेत्या मानुषी छिल्लर यांनी मासिक पाळीतली स्वच्छता हा एकच विषय घेतला होता. ‘मुलांचं आरोग्य’ हा फार मोठा पसारा आहे. ‘या शाळेतली प्रत्येक मुलगी आणि मुलगा मधल्या सुट्टीत धावेल’ असं काही ठरवलंत, तर ते झालं की नाही हे सहा महिन्यांनी मोजता येईल.

पाऊण तासाची आखणी अशी करता येईल. पहिली पाच मिनिटं जागेवर चालणं, हात फिरवणं आणि हलक्या उड्या. पुढची पंचवीस मिनिटं खेळ. मग दहा मिनिटं पाणी आणि खाण्याच्या गप्पा. शेवटची पाच मिनिटं मुलांनी स्वतः ठरवायचं, की उद्यापासून मधल्या सुट्टीत कोणता खेळ घ्यायचा आणि त्याचं साहित्य कोण सांभाळणार.

साठ मुलांचे पंधरा-पंधराचे चार गट करा. साखळी, विषामृत, लगोरी आणि लंगडी पुरे. लगोरीला सात चपट्या फरश्या आणि एक रबरी चेंडू लागतो, बाकीच्यांना चुन्याची रेघ. गडबड होते ती इथे : आपले बरेचसे खेळ ‘बाद’ होण्यावर चालतात. ज्या मुलाला धावायची सर्वांत जास्त गरज, तेच सर्वांत आधी बाद होऊन कडेला बसतं. म्हणून नियम बदला. बाद झालेल्याने कडेला दहा उड्या मारायच्या आणि पुन्हा आत यायचं. रिलेचंही तेच. पंधरा जणांच्या रांगेत एक मूल वीस सेकंद धावतं आणि पाच मिनिटं उभं राहतं. रांगेत चारपेक्षा जास्त मुलं नकोत.

जोर पुरेसा लागतोय का, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. खेळता खेळता मूल बोलू शकतं, पण गाणं म्हणू शकत नाही, हा मध्यम जोर. दोन-चार शब्दांतच दम लागला तर तीव्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं असं हललं पाहिजे, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस त्यात उड्या, चढणं, लटकणं असं हाडं-स्नायू बळकट करणारं काही हवं. तुमच्या एका भेटीने हे होणार नाही. साहित्य कोण सांभाळणार हे म्हणूनच विचारायचं.

वेळ सकाळी दहाच्या आतली घ्या. शाळेतल्या जेवणानंतरची असेल तर तास-दीड तास सोडा, नाहीतर पोटात दुखून मुलं बसतात.

खाण्याच्या गप्पांत किन्वा आणि ॲव्होकाडो नको. या मुलांना शाळेत शिजवलेलं जेवण मिळतं. सहावी ते आठवीसाठी पीएम पोषण या सरकारी शालेय जेवणाच्या योजनेचं प्रमाण रोजी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ-कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी आणि ७.५ ग्रॅम तेल असं आहे. ताटात सर्वांत आधी कमी पडते ती भाजी. शाळेची परसबाग असेल तर तिथे शेवगा, मेथी, पालक लावायला हात लावा, नसेल तर सुरू करून द्या. स्पर्धा संपल्यावरही ती राहते.

सॅश (स्पर्धेचा खांद्यावरचा पट्टा) घालायचीच तर ओळख करून देईपर्यंत. मग ट्रॅक पँट आणि बूट घालून मुलांबरोबर धावा. ताई घामाघूम झाली, हे मुलींनी बघणं फार मोलाचं आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत येणाऱ्या स्पर्धकाच्या चमूने सुचवलंय की सर्व मुलांची वजनं घ्यावीत आणि तीन महिन्यांनी पुन्हा घेऊन फरक फलकावर लावावा. करावं का?
— एक शिक्षक, लातूर जिल्हा

उत्तर : करू नका. वाढत्या मुलाचं वजन वाढायलाच हवं. मुलींचं तर दहा ते तेराच्या आसपास झपाट्याने वाढतं, आणि ते निरोगी असतं. मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजनाचा) आकडा मुलांना लागू होत नाही. वय आणि लिंगानुसार वाढीचे तक्ते असतात. ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, आणि ते डॉक्टरांनी वाचायचे. वर्गासमोर वजनकाटा मांडला, की त्या दिवशी कुणाला तरी नाव पडतं आणि ते दहावीपर्यंत चिकटतं.

मोजायचंच असेल तर क्षमता मोजा. केंद्र सरकारच्या ‘खेलो इंडिया’ या क्रीडा कार्यक्रमाच्या चाचण्या शाळांसाठीच आहेत. लहानांना एका पायावर तोल सांभाळणं आणि हाताने झपाझप चकत्यांना स्पर्श करणं. नऊ वर्षांपासून पुढे ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणं-चालणं, बसून पुढे वाकणं, पाठीवर झोपून अर्धं उठणं (पार्शियल कर्ल-अप) आणि जोर. त्यातला बीएमआय बंद खोलीत, एकेकाला बोलावून घ्या. ६०० मीटरमध्ये हमखास चूक होते : मुलं पहिले शंभर मीटर जिवाच्या आकांताने पळतात आणि मग चालतात. आठवडाभर आधी एक सराव फेरी द्या, नाहीतर तीन महिन्यांनी दिसणारी ‘सुधारणा’ ही फक्त वेग राखायला शिकल्याची असते. पुढे वाकताना गुडघे उचलले तर माप धरू नका. निकाल ज्याचा त्याला सांगा. फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नाहीत.

प्रश्न : मुलीच्या शाळेत अशीच एक स्पर्धक येऊन गेली. ताई छान बोलल्या, पण तेव्हापासून माझी अकरा वर्षांची मुलगी पोळी नको, तूप नको म्हणते. डबा अर्धा परत येतो.
— एक आई, ठाणे

उत्तर : हे हलक्यात घेऊ नका, पण ताटावर वादही घालू नका. सडपातळ, सुंदर ताईने ‘जंक खाऊ नका’ म्हटलं, की मूल त्यातून ‘असं दिसायचं तर खायचं नाही’ एवढंच उचलू शकतं. घरात पंधरा दिवस वजन, पोट, जाडी हे शब्दच बंद करा, स्वतःबद्दल बोलतानासुद्धा. ‘बारीक दिसतेस’ हे कौतुकही नको. जेवण सगळ्यांनी एकत्र, टीव्हीशिवाय.

तिच्या वयाला डब्यात दोन-तीन पोळ्या किंवा दीड-दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ किंवा भाजी आणि छोट्या डबीत एक फळ किंवा मूठभर चणे-शेंगदाणे हा साधारण अंदाज. भूक रोज सारखी नसते, एखादी पोळी परत आली तर चालतं. मटकीची उसळ तिलाच करायला लावा. मटकी आठ तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं, ओल्या फडक्यात बारा-पंधरा तास बांधायची. चिकट होऊन वास आला तर पाणी राहिलेलं असतं, ती टाकून द्या. उसळीवर लिंबू पिळा, त्याने कडधान्यातलं लोह अंगी लागतं. चहा असेल तर जेवणानंतर तासाभराने. स्वतः रांधलेलं खाणं मुलांना परकं वाटत नाही.

दोन आठवड्यांनंतरही जेवणं टळत असतील, वजन उतरत असेल, चक्कर येत असेल, सुरू झालेली पाळी थांबली असेल किंवा जेवल्याबरोबर ती न्हाणीघरात दार लावून बसत असेल, तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञ गाठा, आणि त्यांनी सांगितलं तर समुपदेशकही. चक्कर किंवा ओकाऱ्या असतील तर दोन आठवड्यांचीही वाट पाहायची नाही.

शाळेलाही शांतपणे कळवा. पुढच्या पाहुण्यांशी आधी बोलणं होईल.

प्रश्न : मुलांसाठीच्या कार्यक्रमात एक कंपनी फळांच्या ‘ड्रिंक’चे खोके फुकट देते आहे. घ्यावेत?
— आयोजक, नाशिक

उत्तर : नको. शाळेतल्या आहाराबद्दल एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत. जास्त साखर, मीठ किंवा संपृक्त स्निग्धांश असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या ५० मीटरच्या आत मुलांना विकायला, त्यांची जाहिरात करायला आणि फुकट वाटायलाही मनाई आहे. त्याऐवजी एका रिकाम्या बाटलीवरचं लेबल मुलांना वाचायला लावा. १०० मिलीलिटरला १० ग्रॅम साखर असेल, तर ६०० मिलीलिटरच्या बाटलीत ६० ग्रॅम होते. चहाच्या चमच्याने, चमच्याला चार ग्रॅम धरून, मुलांनीच ती वाटीत मोजून टाकावी. पंधरा चमचे होतात. मग कुणाला काही सांगावं लागत नाही. पाहुण्यांना लिंबूपाणी किंवा ताक द्या.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी किशोरींच्या स्पर्धेत आहे, तिचा सेवा-उपक्रम मुलांच्या व्यायामाचा आहे. आपल्याकडचं काही घेता येईल का?

उत्तर : लेझीम घ्या. ताल असतो, बाद होणं नसतं, आणि दहा मिनिटांत चांगला दम लागतो. लाकडी लेझीम मिळाल्या नाहीत तर आधी नुसत्या हातांनी पावलं बसवा. मुलांमध्ये दोन्ही बाजूंना हात पसरता येतील एवढं अंतर ठेवा. खाऊ म्हणून शेंगदाण्याची चिक्की मात्र नेऊ नका. तिकडे शेंगदाण्याच्या ॲलर्जीमुळे अनेक वर्गांत ती चालत नाही, आणि बऱ्याच शाळा घरचा खाऊ घेतच नाहीत. आधी शाळेच्या नर्सला विचारून सफरचंद किंवा संत्री न्या.