आत शिरलं तर कोणी हटकत नाही!

प्रश्न : ताई, मी मूळची लातूरची, आता डोंबिवलीत राहते, ऑफिस फोर्टला. रोज जहांगीर आर्ट गॅलरीवरून जाते पण आत जायचा धीर होत नाही. तिकीट असतं का? आणि चित्रातलं काही कळत नाही, कोणी विचारलं तर काय सांगू?

उत्तर : अगं सरळ आत शिर! तिकीट नाही, दारावर कोणी विचारत नाही, साधारण अकरा ते सात उघडी असते, म्हणजे तुझ्या लंच टाइममध्येही जमेल. १९५२ पासूनची गॅलरी आहे ही, आणि तिथला मामला असा की चित्रकार आठवडाभरासाठी हॉल भाड्याने घेतात, मंगळवारी नवीन प्रदर्शन लागतं ते पुढच्या सोमवारी उतरतं, आणि नंबर लागायला वर्षं जातात वर्षं. त्यामुळे कोपऱ्यात खुर्ची टाकून जो माणूस बसलेला असतो ना, तो बहुतेक वेळा चित्रकारच असतो, आणि गुरुवारी दुपारी रिकाम्या हॉलमध्ये तो तुझ्यापेक्षा जास्त अवघडलेला असतो. त्यालाच विचार, हे ब्रशने केलंय का नाइफने, म्हणजे रंग लावायच्या पातळ सुरीने? एवढं पुरतं, पुढे तोच बोलत सुटतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चित्रं सोडून किमतीच बघत बसले होते आणि शून्यं मोजून घाम फुटला, तसं करू नकोस. चित्राखाली लाल टिकली दिसली की समजायचं विकलं गेलं. तिथलं समोवार कॅफे मात्र २०१५ ला बंद झालं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

एखाद्या शनिवारी वेळ काढून रीगल सिनेमाजवळ एनजीएमएलाही, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टलाही जा. तिथे छोटंसं तिकीट आहे, सोमवारी बंद. जुन्या कावसजी जहांगीर हॉलच्या पोटात १९९६ साली केलेलं गोल गोल मजल्यांचं म्युझियम आहे, मला तर कधीकधी चित्रांपेक्षा तो जिनाच आवडतो.

प्रश्न : काळा घोडा फेस्टिव्हलला मागच्या वेळी नुसती डोकी दिसली. परत जावं का? आणि तो घोडा नक्की कुठला?

उत्तर : जा, पण शनिवार-रविवार सोडून. नऊ दिवस असतो, वीकडेला दुपारी गेलात तर इन्स्टॉलेशन, म्हणजे मोकळ्यावर मांडलेल्या कलाकृती दिसतात, नाहीतर सेल्फीवालेच दिसतात. १९९९ ला सुरू झाला तेव्हापासून त्याचं कौतुकही होतंय आणि गर्दीवरून कुरकुरही. घोड्याचं म्हणाल तर मूळ पुतळा घोड्यावर बसलेल्या इंग्रज राजाचा, सातव्या एडवर्डचा, तो १९६५ मध्ये हलवला, आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. आत्ता चौकात दिसतो तो २०१७ चा, वर स्वार नसलेला. बरंय, आता नुसता घोडाच आहे.

प्रश्न : कल्याणला राहतो. आईला नाटक दाखवायचंय, तिला गुडघ्याचा त्रास आहे, दादरलाच यावं लागेल का?

उत्तर : अहो कशाला! तुमच्याकडे अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले, ठाण्यात गडकरी. दादरच्या शिवाजी मंदिरला लागलेली बरीच नाटकं तिकडेही येतात, जरा वाट बघायची. पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती बघा, आणि प्लॅन उघडला, म्हणजे बुकिंग सुरू झालं की स्वतः तिकीट खिडकीवर जाऊन कडेची सीट मागा. बाल्कनी स्वस्त पडते, पण आईंना जिने चढायला लावू नका.